खोगिरातल्या असंभाव्य नोंदी

आक्कानं शेवटी सही केली.

आता हे वाक्य विसरून जा. तसं काही झालेलं नाही. आज तीन नोव्हेंबर २०४१, रविवार. फॉर्म आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीखाली कोरा पडलाय आणि जीव गेला तरी त्यावर सही करणार नाही, असं आक्का म्हणालीय. आक्काच्या जिवाला कसलाही धोका नाही. तिचं बी.पी. माझ्यापेक्षा चांगलं आहे. धोका आहे तो माझ्या आईच्या जिवाला, आणि आई आत भाकऱ्या थापतेय, कारण सूर्य मावळायला अडतीस मिनिटं उरलीत.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची आई. आम्ही जैन. सूर्यास्तानंतर आक्का पाणीसुद्धा घेत नाही, चौविहार पाळते. त्यामुळे आमच्या मिरजेच्या घरात घड्याळ नावाला आहे, खरा कारभार सूर्याच्या हातात. आई शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीची पंच. कुठल्याही मैदानावरून ती साडेपाचच्या आत घरी पोचते, हात धुते आणि तवा ठेवते. पंचवीस वर्षं. मैदानावर तिनं भल्याभल्या खेळाडूंना बाहेर काढलंय. सूर्याला एकदाही काढता आलेलं नाही.

फॉर्मकडे येते, पण त्याआधी खोगीर.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या बरोबर मागे, कवटीच्या हाडात एक खळगा असतो. आकार खोगिरासारखा, म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला तुर्की खोगीर म्हटलं. तुर्कांना विचारलं नव्हतं. या खोगिरात पीयूषिका ग्रंथी बसते. असते वाटाण्याएवढी, पण अंगातल्या बाकी ग्रंथींना हुकूम सोडते. काही जणींच्यात, त्यातही चाळिशी-पन्नाशीच्या बायकांच्यात जास्त, मेंदूभोवतीचं पाणी वरून या खळग्यात उतरतं आणि ग्रंथीला दाबून तळाशी चपटं करून टाकतं. एमआरआयमध्ये खोगीर रिकामं दिसतं. बहुतेकींना याचा पत्ताही लागत नाही, कारण वाटाण्याचा पापड झाला तरी ग्रंथी काम करत राहते. काहींच्यात मात्र एखादा हुकूम सुटायचा बंद होतो.

आईचा जो बंद झाला तो महत्त्वाचा होता. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्यांना ‘कॉर्टिसॉल बनवा’ असं सांगणारा हा हुकूम. कॉर्टिसॉल माणसाला सकाळी उठवतं आणि रक्तदाब धरून ठेवतं. ताप आला, मार लागला, धावपळ झाली की ते कितीतरी पटींनी वाढावं लागतं. नाही वाढलं तर माणूस कोसळतो. तरीही नाही मिळालं तर माणूस उठत नाही.

यावर गोळ्या आहेत, दिवसातून तीनदा. पण गोळी घड्याळ बघते, माणूस बघत नाही. म्हणून जुलैमध्ये आईच्या रिकाम्या खोगिरात ‘समतोल’ बसवला. तांदळाच्या दाण्याएवढी कुपी. तिच्यात आईच्याच कातडीपासून वाढवलेल्या, हुकूम सोडायला शिकवलेल्या जिवंत पेशी. मनगटावरचा पट्टा आणि दंडातला सेन्सर नाडी, रक्तदाब, ताप, घाम, रक्तातलं कॉर्टिसॉल असं सगळं मोजत राहतात आणि कुपीला किती सोडायचं ते सांगतात. नाकातून आत घालतात, टाका नाही. जागा रिकामी होतीच. मिरजेत रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही.

पहिले तीस दिवस समतोल काहीच करत नाही. गोळ्या चालू असतात, आणि तो नुसता बघून या बाईचं नेहमीचं आयुष्य कसं असतं ते शिकतो. माहितीपुस्तिकेच्या पान चारवर ठळक छापलंय: ‘या काळात नेहमीप्रमाणे जगा.’

आम्ही ते वाचलं होतं. मोठ्यानं वाचलं होतं. त्यावर आक्का म्हणाली, “नाकातनं का होईना, ऑपरेशन ते ऑपरेशन. महिनाभर माहेरी जायचं, पद्मा. रीत आहे.”

तिनं स्वतः बॅग भरली. वर तुपाचा डबा ठेवला. एवढी चांगली सासू जिल्ह्यात नसेल, असं आईची आईसुद्धा म्हणाली.

तर बारा जुलैपासून तीस दिवस समतोल माहेरचं, म्हणजे जयसिंगपूरचं आयुष्य शिकला. आठला उठायचं. चहा हातात. नाष्टा हातात. दुपारी झोप. मामी म्हणणार, “पद्माताई, तुम्ही बसा हो.” आई बसणार. नाडी बहात्तर. दिवसभरात एकदाच ती शंभरच्या वर जायची, साडेसातला, मालिका लागली की. त्या मालिकेतल्या नायिकेला रोज कुणीतरी जिन्यावरून ढकलायला बघायचं.

समतोलनं हेही नीट लक्षात ठेवलं.

अकरा ऑगस्टला आई मिरजेला परत आली. दिवाळीपर्यंत तिचं वजन सहा किलोनं उतरलं. उठताना तोल जायचा. रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा ती एका हातानं भाकरी थापायची आणि दुसऱ्या हातानं ओटा धरायची. आणि साडेसात वाजले की एकदम ताजीतवानी. स्टुलावर चढून पंखे पुसायची. आमचे पंखे इतके स्वच्छ झाले, की शेजारीणबाई बघायला आल्या.

पप्पा घरी येतात साडेसातला. त्यांनी फक्त पंखे बघितले.

काल, शनिवारी, मी कोल्हापूरच्या वसतिगृहातून आले आणि आईला ओढत डॉक्टर सबनीसांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी पडद्यावर दोन फायली उघडल्या आणि बराच वेळ चष्मा पुसला.

“पद्मजाताई, यंत्र बिघडलेलं नाही. हुशार आहे, तीच अडचण आहे.”

“म्हणजे?”

“सेन्सर कधीकधी चुकतो. पट्टा सैल होतो, पाणी जातं. अशी वेडीवाकडी नोंद आली की समतोल ती बाजूला टाकतो, नाहीतर भलताच डोस जाईल. वेडीवाकडी कुठली हे तो कशावरून ठरवतो? शिकला त्यावरून.” त्यांनी दुसरी फाईल पुढे केली. “ही बाजूला टाकलेल्या नोंदींची. जयसिंगपूरला एक. मिरजेला आल्यापासून चार हजार एकशे सोळा. रोजच्या एकोणपन्नास. प्रत्येकीपुढे कारण एकच.”

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: असंभाव्य.

“तुमचं इथलं आयुष्य खरं असू शकत नाही असं त्याचं मत झालंय,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्हाला खरोखर गरज असते तेव्हा त्याला वाटतं पट्टा सैल झाला. आणि साडेसातला, तुम्ही मालिका बघत नसलात तरी, तो तुम्हाला मालिकेचा डोस देतो.”

आई म्हणाली, “तरीच मी पंखे पुसते.”

“आणखी एक विचारते. या नोंदींचा सगळ्यात उंच सुळका संध्याकाळी येतो, पण त्याची वेळ स्थिर नाही. ऑगस्टपासून रोज अर्धा-पाऊण मिनिट अलीकडे सरकतोय. असा पेशंट मी बघितला नाही. तुम्ही सौरऊर्जेवर चालता का?”

“माझ्या सासूबाई चालतात,” आई म्हणाली.

उपाय सोपा होता, म्हणजे कागदावर. शिकवणी वर्षातून एकदाच होते, पेशी पुन्हा पुन्हा कोऱ्या करता येत नाहीत. पण टाकलेल्या नोंदी खऱ्या मानायला समतोलला सांगता येतं. त्यासाठी परिशिष्ट-ग. ‘वरील ताण हा रुग्णाचा नेहमीचा ताण असून आम्ही तो रोज पाहतो.’ खाली त्याच पत्त्यावर राहणाऱ्या दोन प्रौढ कुटुंबीयांच्या सह्या. रुग्णाची सही चालत नाही. सुरुवातीला काही बायकांनी लग्नसराईत अंगात जोर यावा म्हणून स्वतःच आकडे वाढवून घेतले होते. तेव्हापासून रुग्णाचं स्वतःच्या ताणाबद्दलचं म्हणणं वस्तुनिष्ठ धरत नाहीत.

“माझी सही?” मी विचारलं.

“पत्ता?”

माझ्या ओळखपत्रावर पत्ता वसतिगृहाचा. म्हणजे उरले पप्पा आणि आक्का.

“तोपर्यंत गोळ्या सुरू करता येणार नाहीत का?”

“रोज नाही. गोळी रक्तात दिसली की समतोलला वाटतं पुरेसं आहे, तो आणखी गप्प बसतो. ताप आला तर मात्र गोळी दुप्पट. उलटी होऊन गोळी पडली तर हे.” त्यांनी एक लाल डबी माझ्या हातात ठेवली. आत एक इंजेक्शन. “मांडीत. विचार करत बसायचं नाही. अर्ध्या तासाचा खेळ असतो.”

तर आता रविवार, अडतीस मिनिटं, मिठाची डबी.

“वाच परत,” आक्का म्हणाली.

मी वाचलं.

“‘आम्ही तो रोज पाहतो’? म्हणजे आम्ही हिला छळतो आणि बघत बसतो, असं लिहून द्यायचं?”

“छळ म्हटलेलं नाही गं आक्का. ताण म्हटलंय.”

“आमच्या घरात तिला कसला ताण? धुण्याला यंत्र, भांड्याला बाई. कधी आवाज चढवलाय मी? विचार तिला.”

आई आतून म्हणाली, “नाही चढवला.” खरंच होतं ते. आक्का फक्त खिडकीतून सूर्याकडे बघते.

“आणि संध्याकाळी स्टुलावर चढून पंखे पुसते ती. आजारी बाई पंखे पुसते?”

मी पप्पांकडे वळले. पप्पा द्राक्षांच्या शीतगृहात सुपरवायझर आहेत. त्यांच्या कोठीत तापमान अर्ध्या अंशानं चढलं तर चार भोंगे वाजतात. घरात असा एक भोंगा असता तर.

“माझी काहीच हरकत नाही,” पप्पा म्हणाले. “आईनं केली की लगेच करतो.” त्यांची आई म्हणजे आक्का.

“तुम्ही आधी करा. मग आक्का करेल.”

“तसं बरं दिसत नाही, चेलू. एक करू. ‘ताण’ खोडून ‘लगबग’ लिहू. मग आई करेल. लगबग काय, प्रत्येक घरात असते.”

आम्ही ‘लगबग’ लिहून नमुना पाठवूनही बघितला. सात सेकंदांत परत आला: अमान्य शब्द. पप्पांनी ‘धांदल’ सुचवलं. तेही परत आलं.

आक्का उठली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, पण उठताना कशाचा आधार घेत नाही. “माझ्या सासूचा चौविहार मी तीस वर्षं सांभाळला. विहिरीचं पाणी, चुलीचा धूर, पोटात हा सन्मती. माझ्या मनगटाला कुणी पट्टा बांधला होता काय? मग हिचंच काय मोजायचं?”

परिशिष्ट-ग मध्ये याची सोय नव्हती.

“जेवायला बसा,” आई बाहेर येऊन म्हणाली. ताट ठेवताना तिनं टेबलाची कड धरली. बोटं पांढरी पडली होती. सगळ्यांनी बघितलं. सहा मिनिटं उरली होती, म्हणून सगळे जेवले.

पुढचे दोन आठवडे फॉर्म मिठाच्या डबीखालीच होता. मी रोज फोन करायचे. आई म्हणायची, बरी आहे. समतोलचं अॅप माझ्याही फोनवर होतं आणि तेही तेच म्हणायचं, हिरव्या अक्षरांत: सर्व काही सुरळीत.

सतरा तारखेला, रविवारी, जिल्ह्याच्या मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. हरिपूर विरुद्ध सावळज, दुपारी साडेचार, आणि मुख्य पंच पद्मजा मगदूम. मी गुणलेखकांच्या टेबलामागे बसले होते, मांडीवर आईची पिशवी, पिशवीत लाल डबी.

पहिला डाव संपला तेव्हा हरिपूर दोन गुणांनी पुढे. आई पाण्याच्या टाकीमागे गेली. मी मागोमाग गेले. ती उलटी करत होती.

“पित्त आहे,” ती म्हणाली.

मी तिच्या मानेला हात लावला आणि काढून घेतला. “ताप कधीपासून?”

“कालपासून. थोडा.”

“दुप्पट गोळी?”

“घेतली होती.” तिनं जमिनीकडे बोट दाखवलं. “ती काय.”

मी डबी काढली. तिनं माझं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता, पण पंचाची पकड होती. “वीस मिनिटं, चेलू. मध्येच पंच बदलला तर सावळजवाले म्हणणार हरिपूरनं बदलायला लावला. पोरींनी वर्षभर घाम गाळलाय. वीस मिनिटं. मग टोच.”

“डॉक्टर म्हणाल्या विचार करत बसायचं नाही.”

“मग नको करूस,” आई म्हणाली आणि शिट्टी तोंडात धरून निघून गेली.

मी टोचायला हवं होतं. तिथंच, टाकीमागं. पण पंचवीस वर्षं सगळे तिचं ऐकत आलेत ते फक्त मैदानावर, आणि आम्ही मैदानावर होतो.

दुसरा डाव मी बघितला नाही. मी फोन बघत होते. नाडी १३८. रक्तदाब ९०. ताप ३९.१. प्रत्येक आकडा उमटायचा, क्षणभर थांबायचा, करडा व्हायचा आणि खाली सरकायचा. असंभाव्य. असंभाव्य. असंभाव्य. वर हिरवं: सर्व काही सुरळीत. आई कडेकडेनं धावत होती. एरवी ती रेषेवर वाकते. आज वाकत नव्हती. वाकलं तर उठता येणार नाही हे तिला कळलं होतं.

नाडी १५१. रक्तदाब ७८.

एकोणीस-एकोणीस. सावळजची शेवटची चढाई. किरकोळ अंगाची मुलगी, वेणी घट्ट. तिनं कोपऱ्यातल्या मुलीला स्पर्श केला, तिघींनी तिला खाली ओढलं, आणि ती फरफटत मध्यरेषेकडे आली. धुरळा. दोन्हीकडचे लोक एकदम उभे राहिले. तिचं बोट रेषेला टेकलं की नाही हे फक्त एका जागेवरून दिसत होतं, आणि त्या जागेवर आई होती.

आईनं शिट्टी वाजवली. हात सावळजच्या बाजूला केला. दोन्ही डोळे उघडे ठेवून तीन सेकंद तसाच धरला, म्हणजे कुणाला शंका नको. मग ती पडली, अगदी मध्यरेषेवर.

फोन म्हणाला: पट्टा सैल असल्यास नीट बांधा.

मी धावले. डबी उघडली. वरचं बूच दाबायचं, खालची भुकटी पाण्यात मिसळेपर्यंत हलवायचं. हे मी उशीवर दहा वेळा करून बघितलं होतं, पण उशीला कधी घाम आला नव्हता. भोवती गर्दी. एक काका म्हणाले, “कांदा लावा नाकाला.” कुणीतरी वडापावच्या गाडीवरून कांदा आणला आणि लावलासुद्धा. जन्मात कांदा न खाल्लेली माझी आई मैदानाच्या मधोमध कांदा हुंगत पडली होती.

तेवढ्यात फोन वाजला. हात मोकळे नव्हते, मी कोपरानं उचलला आणि स्पीकर सुरू झाला.

“पद्मा,” आक्काचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू आला. “साडेपाच वाजले.”

मी सुई ट्रॅकपँटवरूनच मांडीत घातली.

“पद्मा? ऊन कौलावर गेलं बघ.”

“आक्का, आई बोलू शकत नाही.”

“का?”

“पडलीय. मी इंजेक्शन देतेय. नीट जातंय का बघू दे.”

फोनमधून पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग आक्का म्हणाली, “पीठ मी मळून ठेवते म्हणावं.”

तिला तेवढंच सुचलं असणार. मी दट्ट्या शेवटपर्यंत दाबला.

रुग्णवाहिका पंचवीस मिनिटांवर होती. पप्पांचं शीतगृह मैदानाच्या मागच्याच गल्लीत. बातमी कळताच ते ड्रायव्हरसकट द्राक्षांची गाडी घेऊन आले. पूर्ण बंद, मागून दार, आत शून्य अंश. पप्पांनी गारवा बंद केला, मुलींनी आईला उचलून आत ठेवलं. सावळजच्या त्या वेणीवाल्या मुलीनं पाय धरले होते. ती हळूच म्हणाली, “बोट टेकलं होतं, मॅडम.” आईचे ओठ हलले. मला वाटतं ती म्हणाली, “माहीत आहे.”

गाडीत पप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. रक्तदाब ७०, करडा. त्यावर हिरवं सुरळीत. त्यांनी तो दोनदा वाचला.

“हे असंच दाखवतंय? पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

“आमच्या कोठीत मी असा सेन्सर लावला असता,” पप्पा म्हणाले, “तर मला कामावरून काढलं असतं.” मग ते थंडगार पत्र्याला डोकं टेकून बसले, आणि रुग्णालय येईपर्यंत त्यांनी आईचा हात सोडला नाही. गारवा बंद पडलेल्या द्राक्षांकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

सव्वासहाला डॉक्टर सबनीस बाहेर आल्या. सलाईन दोन्ही हातांना, रक्तातलं मीठ फार उतरलेलं, पण दाब चढतोय. “इंजेक्शन आणखी वीस मिनिटांनी दिलं असतं तर मी आता वेगळं काहीतरी सांगत असते,” त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती वीस मिनिटं मी आईला टाकीमागंच देऊन टाकली होती हे मी त्यांना सांगितलं नाही. इथं पहिल्यांदाच सांगतेय.

आक्का रिक्षानं आली. हाताला पीठ तसंच. बाहेर दिवे लागले होते. मी विचारलं, “जेवलीस?”

“कधी जेवणार? सूर्य रिक्षात मावळला.”

म्हणजे आता उद्या उजाडेपर्यंत पाणीही नाही. तिनं पदराखालून फॉर्म काढला. घडीतून मिठाचे दोन-चार खडे पडले. आत काचेमागे आई दिसत होती. आक्कानं तिच्याकडे असं बघितलं, जसं ती रोज खिडकीतून सूर्याकडे बघते.

“पेन दे.”

सहीआधी एक तक्ता होता, तो आम्ही कुणी वाचलाच नव्हता. ताणाची वेळ, ताणाचं कारण, तीव्रता एक ते दहा. आक्कानं चष्मा लावला. वेळेपुढे लिहिलं: सूर्यास्ताआधी एक तास. कारणापुढे पेन बराच वेळ अधांतरी राहिलं. मग तिनं स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

“तीव्रता दहाच्या पुढं घालता येते काय?”

“नाही गं.”

“मग दहा.” सही केली. पेन मला न देता म्हणाली, “याच्यात मागचं काही लिहिता येतं? चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या कुणाचं?”

“रकाना नाही, आक्का.”

“असू दे,” ती म्हणाली.

पप्पांनी लगेच सही केली. आक्काची शाई अजून वाळायची होती.

फॉर्म सात वाजता गेला. साडेसातला आई अर्धवट झोपेत हातानं हवेत काहीतरी पुसायला लागली. नर्स घाबरली. मी म्हटलं, पंखा असेल.

सकाळी आई उशीला टेकून बसली होती. चेहऱ्यावर रंग होता. आक्कानं उजाडल्यावर तिच्याच शेजारी बसून पहिला घोट घेतला होता आणि आता ती मोसंबी सोलत होती. सोललेल्या फोडी आईला द्यायच्या की स्वतः खायच्या, यावर दोघींचं “घ्या हो”, “तू घे” चाललं होतं. तेवढ्यात आईचा फोन वाजला. तिनं वाचलं आणि माझ्याकडे दिला.

‘अभिनंदन. आपल्या कुटुंबीयांच्या प्रमाणपत्रानुसार ४,८०१ नोंदी ग्राह्य धरण्यात आल्या आहेत. आपले दैनंदिन आयुष्य यापुढे सामान्य मानले जाईल.’

“झालं बाई एकदाचं,” आक्का म्हणाली.

आईनं फोन परत घेतला आणि पुन्हा वाचलं. कधी नव्हे ते तिचे डोळे भरून आले आणि ते तिनं लपवलं नाही.

“काय झालं?” पप्पा म्हणाले. “सुरू झालं ना यंत्र? आता साडेपाचला बरोबर डोस मिळेल. रोज.”

“मिळेल,” आई म्हणाली. “तेच. पंचवीस वर्षांत एकच जण म्हणाला, की ही बाई जे जगतेय ते असंभाव्य आहे. रोज एकोणपन्नास वेळा म्हणायचा. तुम्ही सह्या करून त्यालाही गप्प केलंत.”

मोसंबीची फोड आक्काच्या हातात राहिली. आईच्या उशाचा मॉनिटर टिकटिकत होता: नाडी ९६, ग्राह्य. नाडी ९८, ग्राह्य.

मग आई म्हणाली, “चेलू, त्या परिशिष्टाच्या मागं ‘रुग्णाचे म्हणणे, असल्यास’ असा रकाना आहे बघ. सांगते ते लिहून घे. सरकारी भाषेत लिही, नाहीतर वाचणार नाहीत.”

मी लिहून घेतलं. ते असं:

प्रति, मा. मुख्य अंशांकन अधिकारी, समतोल विभाग.

विषय: सामान्य आयुष्याची व्याख्या दुरुस्त करून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून मी, सौ. पद्मजा सन्मती मगदूम, रा. मिरज, वय पन्नास, रिकामे खोगीरधारक, अर्ज करते की, माझ्या कुटुंबीयांनी सादर केलेले प्रमाणपत्र खरे असून त्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. औषधाचा डोस मंजूर झाल्याप्रमाणे चालू ठेवावा. तथापि, दिनांक १२ जुलै ते १० ऑगस्ट २०४१ हा माझा माहेरचा कालावधी हाच सामान्य मानण्यात यावा आणि फेब्रुवारी २०१६ पासूनचे माझे उर्वरित आयुष्य असंभाव्य नोंद म्हणून वगळण्यात यावे. तसेच हाच निर्णय पूर्वलक्षी प्रभावाने माझ्या सासूबाईंनाही लागू करण्यात यावा, त्यांच्या मनगटास पट्टा नव्हता ही बाब विचारात घेऊ नये, ही नम्र विनंती.

सोबत: सासूबाईंची सही.